सासूबाईंची माळ आणि सणाची मिटिंग

«प्रिय ताई, माझं वय ४७. वसईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) राहते आणि नोकरीसाठी रोज अंधेरीला जाते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून चर्चच्या कामात आहे. गुरुवारी गायनमंडळाचा सराव असतो, रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. आमच्या लहान ख्रिस्ती समूहाची मी प्रमुख आहे, महिन्यातून एका शनिवारी आजाऱ्यांच्या घरभेटी करते आणि यंदा सणाच्या कमिटीवरही आहे. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला. त्या अंथरुणावरच असतात. दिवसा त्यांना बघायला एक बाई येते, संध्याकाळपासून मी. मिस्टर शिफ्टला, मुलगा बारावीला.

खरं सांगते, मी आता प्रार्थना करतच नाही. ओठ हलतात, पण आत काही नाही. परमप्रसादाच्या (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या) रांगेत उभी असते आणि डोक्यात असतं की गाण्यांच्या झेरॉक्स कमी पडतील का. बाई आली नाही म्हणून दोन महिन्यांत तीन रविवार मिस्साही चुकली. मागे एकदा संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘आज माझ्यासोबत रोझरीची माळ म्हणशील?’ मी म्हणाले, ‘आई, सणाची मिटिंग आहे, उद्या म्हणू.’ तो उद्या अजून उगवलेला नाही. माझा विश्वास आटला का? सगळं सोडून द्यावं का? की हे सोडणं म्हणजेच पाप?»

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सासूबाईंच्या वाक्यापाशी थांबले. पाच-पाच कामांची यादी तुम्ही भराभर लिहून टाकलीत. ते एक वाक्य मात्र त्यांच्या शब्दांत, जसंच्या तसं लिहिलंत. ज्या बाईचा विश्वास आटलाय तिला एवढं टोचलं नसतं. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: नाही, आटलेला नाही. तुम्ही दमलेल्या आहात, आणि दमलेल्या माणसाला देव लांब वाटतो.

आधी मनावरची दोन ओझी उतरवू. चुकलेल्या मिस्सांसाठी तुम्ही स्वतःला कोसताय. रविवारची मिस्सा आपल्यावर बंधनकारक आहे, हे खरंच. पण गंभीर कारण असेल तर त्या बंधनातून मोकळीक असते, असं कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगतं. आजारपण आणि तान्ह्या मुलाची काळजी ही दोन उदाहरणंसुद्धा तिथेच दिलेली आहेत. पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्या बाईला घरात एकटं टाकून येता येत नाही, यापेक्षा गंभीर कारण कोणतं हवं? त्या तीन रविवारी तुम्ही आईंची कूस बदलत होतात, त्यांना भरवत होतात. ते पापनिवेदनात सांगायचं काम नव्हे. मन शांत होण्यासाठी फादरांशी बोलायचं असेल तर जरूर बोला.

दुसरं ओझं तुम्ही लिहिलेलं नाही, पण असणार, कारण अशा घरांत मी ते नेहमी बघते. परमप्रसादाआधी तासभर उपास पाळायचा म्हणून काळजी घेणाऱ्या बायका धड चहाही घेत नाहीत आणि वेळेचं गणित चुकलं की परमप्रसाद घेत नाहीत. चर्चच्या कायद्याच्या कलम ९१९ मध्ये वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे या सगळ्यांना ही सूट आहे. तासाभरात काही खाल्लेलं असलं तरी त्यांना परमप्रसाद घेता येतो. काळजी घेणारे, हा शब्द नीट वाचा. तो तुमच्यासाठी आहे.

आता सासूबाईंबद्दल. त्यांना घरी परमप्रसाद मिळतो का? पत्रात तसं काही दिसत नाही. तुम्ही दर महिन्याला दुसऱ्यांच्या घरी आजाऱ्यांना भेटायला जाता आणि स्वतःच्या घरातल्या आजाऱ्याचं नाव यादीत घालायचं राहून जातं, असं होतं. माझ्याही घरी झालं होतं. बहुतेक धर्मग्रामांत पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरोघरी परमप्रसाद नेतात. फादरांना जमत नसेल तर त्यासाठी नेमलेले प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले, सेवक येतात. १९७३ पासून चर्चने तशी परवानगी दिलेली आहे. आईंचं नाव याच आठवड्यात द्या. तैलाभ्यंगाबद्दलही, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्काराबद्दलही, विचारा. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत तो अगदी अखेरच्या घटकेचा समजतात, फादर तेलाची बाटली घेऊन आले की म्हातारं माणूस घाबरेल म्हणून बोलावतच नाहीत. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, साधं लिहिलंय: तुमच्यात कोणी आजारी आहे काय? त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं. मरणाला टेकलाय काय, असं विचारलेलं नाही. दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्या संस्काराची गरज आहे, आणि तो त्यांच्या उशाशी होत असताना घरातल्या इतरांनाही काहीतरी मिळतं. मी ते अनुभवलंय.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सगळं सोडायचं का?

तुम्हाला कोणीतरी मार्था आणि मरियेची गोष्ट ऐकवली असेलच. प्रवचनांत ती अशा तऱ्हेने सांगतात की स्वयंपाकघरात राबणाऱ्या प्रत्येक बाईला वाटतं, आपणच चुकतोय. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू मार्थेला काय म्हणतो ते पुन्हा उघडून बघा. स्वयंपाक करू नकोस असं तो म्हणत नाही. तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस, दगदग करतेस, असं म्हणतो. दोष कामाचा नाही, ‘पुष्कळ’चा आहे. त्या पुष्कळात घरी आलेला पाहुणाच तिला दिसेनासा झाला. पुढे योहानच्या अकराव्या अध्यायात हीच मार्था भावाच्या मरणानंतर प्रभूला गाठायला गावाबाहेर जाते आणि तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, असं त्याच्या तोंडावर सांगते. मरिया त्या वेळी घरात बसलेली होती. म्हणजे श्रद्धेची एवढी मोठी कबुली राबणाऱ्या बहिणीच्या तोंडून आली. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलैच्या एकट्या मार्थेच्या स्मृतिदिनात मरिया आणि लाजर यांनाही सामील केलं तेव्हा मला फार बरं वाटलं. एकाच घरातली तिघं, एकाच दिवशी. कोण वरचढ हा प्रश्नच मिटला.

तेव्हा सगळं सोडू नका. पण ‘पुष्कळ’ सोडा, आणि ते खरोखर सोडा. नुसतं मनात ठरवू नका.

निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो ते बघतो आणि म्हणतो, तू करतोस हे बरं नाही. तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. दुसऱ्या अर्ध्या वाक्याकडे आपलं लक्ष जात नाही. आपण झिजतोय हे आपल्याला कळतं, त्यात थोडा अभिमानही वाटतो. पण एकाच माणसाने सगळं धरून ठेवलं की बाकीची माणसं आळसावतात, दुखावतात, दूर जातात. प्रेषितांच्या कृत्यांत, सहाव्या अध्यायात, विधवांच्या रोजच्या वाढपात गडबड होऊ लागली तेव्हा बारा जणांनी ‘आम्हीच अजून जोर लावतो’ असं म्हटलं नाही. सात माणसं निवडून त्यांच्यावर ते काम सोपवलं आणि आपण प्रार्थनेला आणि वचनाच्या सेवेला लागले. अगदी पहिल्या पिढीपासून चर्चला हे ठाऊक आहे.

मी स्वतः गायनमंडळात तेरा वर्षं होते. माझ्याशिवाय पास्काच्या (ईस्टरच्या) रात्रीची गाणी बसणार नाहीत असं मला मनापासून वाटायचं. आई आजारी पडली आणि सोडावं लागलं. पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. दोन कॉलेजच्या मुलींनी स्तोत्र म्हटलं, सूर जरा चढा लागला, पण म्हटलं सुंदर. त्या दोघी चार वर्षं त्याच मंडळात मागच्या रांगेत उभ्या होत्या आणि मी त्यांना एकदाही पुढे केलं नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं. त्यात आनंद किती आणि दुखणं किती, ते आजही सांगता येत नाही.

तुमच्या पाचांतलं काय ठेवायचं? निर्णय तुमचा, पण तुम्ही विचारलंत म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. सणाची कमिटी यंदा हातात घेतलेली आहे, सण जवळ आला असेल तर तेवढी पार पाडा. अर्ध्यावर टाकून दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. मात्र पुढच्या वर्षी नाव देऊ नका. समूहाचं प्रमुखपद दुसऱ्या घराकडे जाऊ द्या; ते फिरतं राहावं हे त्या समूहांच्याच हिताचं असतं. गायनमंडळ आणि धर्मशिक्षण यांपैकी एकातून निदान आई आहेत तोवर रजा घ्या. कोणतं, ते एका खुणेवरून ठरवा: कुठल्या कामाहून घरी येताना तुमच्या मनात माणसांचे चेहरे असतात आणि कुठल्या कामाहून येताना नुसते कागद? झेरॉक्सचं तुम्हीच लिहिलंय.

आजाऱ्यांच्या घरभेटी मात्र सोडू नका. फ्रेडरिक ओझानाम पॅरिसमध्ये वीस वर्षांचा विद्यार्थी होता तेव्हा, १८३३ मध्ये, त्याने मित्रांबरोबर विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. आपल्याकडे कित्येक धर्मग्रामांत तिची शाखा आहे. तो धर्मगुरू नव्हता. पुढे प्राध्यापक झाला, लग्न केलं, एक मुलगी झाली, चाळिशीतच गेला. त्या सोसायटीच्या कामाचा गाभा म्हणजे गरिबाच्या घरी जाऊन त्याच्याजवळ बसणं. तुम्ही हे काम जाणता, आणि आता घरातल्या अनुभवाने जास्तच जाणता. डायपर कुठला घ्यावा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून किती वेळाने कूस बदलावी, दुसऱ्याच्या आईकडे बघताना स्वतःच्या चिडण्याचं काय करावं, हे त्या घरातल्या सुनेला तुमच्याइतकं कोण सांगू शकेल?

फादरांना सांगायला जाल तेव्हा थकल्याची तक्रार घेऊन जाऊ नका. तारीख आणि नाव घेऊन जा. ‘फादर, अमुक महिन्यापासून मी वर्ग घेऊ शकणार नाही, अमुक मुलीला मी दोन महिने सोबत घेऊन तयार करते,’ असं म्हणा. धर्मगुरूंनाही माणसं सापडत नाहीत, त्यांचीही अडचण खरी असते. ते ‘तुमच्याशिवाय कसं होणार’ म्हणतील. प्रेमाने म्हणतील. त्या वेळी गप्प राहा, पण हो म्हणू नका. मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमचं सगळं गाव संध्याकाळी दाराशी जमतं, प्रभू पुष्कळांना बरं करतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुला शोधताहेत. प्रभू त्या गर्दीकडे परत जात नाही, दुसऱ्या गावांना जाऊ म्हणतो. सगळे आपल्याला शोधताहेत म्हणजे देवच बोलावतोय, असं नसतं.

आता प्रार्थना. तुम्हाला पहाटे चारला उठा म्हणून सांगणार नाही, तुम्ही आधीच साडेचार-पाचला उठत असाल. तुमच्याकडे लोकलचा प्रवास आहे. नायगाव सुटलं की खाडीचा पूल लागतो. बोलणं मोबाइलवर असो वा मैत्रिणीशी, तिथे थांबवा आणि माळ बोटांत घ्या. माळेच्या पाच रहस्यांना, म्हणजे पाच टप्प्यांना, पंधरा-वीस मिनिटं पुरतात, अंधेरीच्या पुष्कळ आधी होते. आपल्या आधीच्या पिढीतल्या बायका पहाटेच्या गाडीने फुलं आणि भाजीच्या टोपल्या घेऊन दादरला जायच्या, त्यांच्याही पदराखाली माळ असायची. डब्यातल्या दुसऱ्या बायका भजनं म्हणत असतील तर तुमच्या माळेचं काही बिघडत नाही, त्याही त्यांच्या परीने देवालाच हाक मारताहेत. मन भरकटलं तर भरकटू द्या, बोटं पुढच्या मण्यावर न्या. आणि एकेका रहस्याला एकेका माणसाचं नाव द्या: वर्गातलं ते गप्प बसणारं पोर, मागच्या महिन्यात भेटलेले दम्याचे आजोबा, तुमचा मुलगा, मिस्टर, आई. सेवेतली माणसं अशी प्रार्थनेत आली की दोन्ही वेगळी राहत नाहीत. एवढंच मला तुम्हाला खरं सांगायचं होतं. तुमची अडचण वेळेपेक्षा जास्त ही आहे, की ज्यांच्यासाठी तुम्ही राबता त्यांना देवापाशी न्यायचं राहून जातं.

‘आत काही नाही’ म्हणता. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा जगाला कळलं की अनेक दशकं त्यांनाही आत अंधारच होता. तशाच अवस्थेत त्या रोज मरणाऱ्या माणसांची तोंडं पुसत होत्या. त्यांच्या सिस्टरांनी १९७३ पासून रोज एक तास आराधना सुरू केली, तीही कामं कमी झाली म्हणून नव्हे, कामाचा पसारा वाढत असताना. कोरडेपणा हे पाप नाही. कोरडं वाटतं म्हणून बोलणंच थांबवलं तर मात्र नातं सुकतं, माणसांचं सुकतं तसंच.

आता त्या संध्याकाळकडे वळते. संत विन्सेंट डी पॉल आपल्या सिस्टरांना सांगत, प्रार्थनेत असताना गरिबाने हाक मारली तर खुशाल उठून जा. देवाला सोडून देवाकडेच जाता आहात. हे वचन आपल्या कार्यकर्त्यांना फार आवडतं आणि आपण ते सरसकट वापरतो. मिटिंगला जाण्यासाठी प्रार्थना सोडली तरी म्हणतो, देवाचंच काम. पण ते आजाऱ्याच्या हाकेबद्दल आहे, भाषणं आणि मंडप यांच्या अजेंड्याबद्दल नाही. त्या संध्याकाळी आजारी माणसाने हाक मारली आणि ती हाकही प्रार्थनेसाठीच होती. सेवा आणि प्रार्थना एकाच खाटेवर तुमची वाट बघत होत्या. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही स्वतःला पुरेसा दोष दिलाय. एवढंच सांगते, की तुम्ही जे शोधताय ते तुमच्या घरातच, दहा पावलांवर आहे.

मिस्टरांची शिफ्ट असते, मुलाचा अभ्यास असतो, त्यामुळे सगळं कुटुंब रोज एकत्र बसेल अशी आशा धरू नका. रोज संध्याकाळी तुम्ही आणि आई, दोघी पुरेत. मुलगा ज्या दिवशी येईल त्या दिवशी येईल. त्याला बोलवा, ओढू नका. त्याने आईला आजीच्या खाटेशी बसलेलं बघितलं की त्याच्या लक्षात राहतं, कुठल्याही धर्मशिक्षणाच्या वर्गापेक्षा जास्त.

माळ सुरू करायला आईंना सांगा. पक्षाघातानंतर त्यांची जीभ जड झाली असेल, शब्द तुटत असतील, एखादं रहस्य दोनदा होईल. मध्येच त्या जुन्या पद्धतीने म्हणतील, लहानपणी त्यांच्या आजीने शिकवलं तसं. दुरुस्त करू नका. माळ त्यांच्या चालत्या हातात द्या आणि तुम्ही त्यांचा दुसरा हात धरा. संपायला अर्धा तास लागला तर लागला.

फादरांशी रविवारी बोला. आईंचं नाव पहिल्या शुक्रवारच्या यादीत घाला. माळ मात्र आजच म्हणा, जेवणाआधी. आणि त्यांना सांगा, ‘आई, त्या दिवशी उद्या म्हटलं होतं ना, तो उद्या आज आहे.’

तुमची,
ताई